पशुखाद्यातला गोडवा

आईचे दूध तुटलेले डुकराचे पिल्लू नव्या, कोरड्या खाद्याला पटकन तोंड लावत नाही. म्हणून अशा खाद्यात अनेकदा सॅकरिन मिसळतात. पिल्लू खाते, पण सॅकरिन पचत नाही. ते मूत्रावाटे जसेच्या तसे बाहेर पडते आणि खतातून जमिनीत, पुढे भूजलात उतरू शकते.

याला साधे पर्याय आहेत. चीज, पनीर करताना उरणाऱ्या निवळीची भुकटी पिल्लांना चालते. तिच्यातली दुधाची साखर चवही देते आणि ताकदही. गायी-म्हशींसाठी साखर कारखान्यातली मळी आहेच. मात्र ती मोजूनच द्यावी. अति झाल्यास पोटात आम्ल वाढते. कोंबडीच्या खाद्यात मात्र गोडवा वायाच जातो, कारण गोड चव ओळखण्यासाठी लागणारे एक जनुक तिच्यात नसते.

गोडवा कोणताही असो, बुरशी लागलेले खाद्य त्याखाली खपवू नये. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष रूप बदलून दुधात उतरते आणि दूध उकळल्याने ते जात नाही. ते थेट घरातल्या मुलांच्या पेल्यात येते. खाद्य चांगले असूनही जनावर खात नसेल, तर मळी वाढवण्याआधी पशुवैद्यकाला दाखवावे.