छप्पर नवे घालताना सूर्याचाही विचार करा

मृग नक्षत्राला महिना उरला की दुर्ग-भिलाईच्या मोहन नगरासारख्या वस्तीत गच्च्यांवर माणसे दिसू लागतात. कुणी स्लॅबच्या भेगा बुजवतो, कुणी पत्र्याच्या भोकांवर डांबराची पट्टी चिकटवतो. गेल्या पावसाळ्यात पलंग तीनदा सरकवावा लागला होता, हे घरातल्या बाईच्या पक्के लक्षात असते. मग चहाच्या वेळी विषय निघतोच.

"अहो, यंदा ते पत्रे बदलाच. मी आता गळक्या छपराखाली पातेली मांडणार नाही."

"बदलू. पण मग लगे हात वर सोलरही बसवून घ्यायचे का? सगळेच बसवताहेत."

"सगळे बसवताहेत म्हणून आपणही? आणि दोन वर्षांनी छप्पर पुन्हा गळले, तर ते सगळे उतरवणार कोण?"

असा संवाद आज अनेक घरांत होतो. यजमानांचा उत्साह खोटा नाही, पण खरा प्रश्न विचारला आहे तो बाईंनी!

या भागातली कितीतरी घरे पोलाद कारखान्याच्या आधाराने उभी राहिली. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि देशभरातून माणसे इकडे आली. मराठी माणसाला हा मुलूख परका नव्हताच. १९५६ पर्यंत छत्तीसगड आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. नोकरी करता करता माणसांनी प्लॉट घेतले, खाली स्लॅबचे घर बांधले. मुले मोठी झाल्यावर वर एक-दोन खोल्या चढवल्या, त्यांवर मात्र पत्रा टाकला. 'पुढे स्लॅब घालू' असे म्हणत म्हणत तीस वर्षे गेली. आता हातात आहे ती निवृत्तीची रक्कम, आणि ती एकदाच खर्च करता येते.

आधी वयाचा मेळ बसवा

सौर पॅनेलचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे धरतात. पंचवीस वर्षांनंतरही ते मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के वीज देईल, अशी हमी बहुतेक कंपन्या देतात. म्हणजे आज वर चढवलेले पॅनेल नातवाच्या लग्नापर्यंत तिथेच राहणार. ज्या छपराचे आयुष्य आणखी पाच-सात वर्षांचेच आहे, त्यावर ते बसवणे म्हणजे मोडक्या पलंगावर नवी गादी घालण्यासारखे आहे. छप्पर बदलायच्या वेळी पॅनेल, सांगाडा, तारा असे सारे उतरवून पुन्हा चढवावे लागते. त्याची मजुरी वेगळी, मोडतोड वेगळी, आणि तेवढे दिवस वीज बंद ती वेगळीच.

म्हणून जुन्या छपरावर पॅनेलची घाई करू नये. पण छप्पर बदलायचेच ठरले असेल, तर मात्र याहून चांगली वेळ मिळत नाही. परांची बांधलेली असते, गवंडी आणि वेल्डर दारात असतात आणि घरात पसारा झालेलाच असतो. दुसऱ्यांदा तो घालण्यापेक्षा एकदाच निभावून न्यावा.

छप्पर कोणते, त्यावर पुढचे सारे अवलंबून आहे. जुने कवेलूंचे घर असेल तर खालचे लाकूड तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. एक पॅनेल पंचवीस किलोच्या आसपास भरते. सांगाडा धरून चौरस मीटरला पंधरा-वीस किलोंचे ओझे सहज होते. वाळवी लागलेले वासे ते पेलणार नाहीत.

सिमेंटचा पत्रा, म्हणजे अॅस्बेस्टॉसचा, हा तर वेगळाच विषय. तो ठिसूळ असतो. त्याला भोके पाडून त्यावर सांगाडा उभा करणे धोक्याचे आहे, छपरासाठी आणि भोके पाडणाऱ्यासाठीही. त्यातले तंतू हवेत उडतात, श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात आणि वर्षानुवर्षांनी कर्करोगाचे कारण ठरू शकतात. अॅस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार घातक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. असे पत्रे काढताना आधी पाणी मारून ओले करावेत, हातोडीने फोडू नयेत, अखंडच खाली घ्यावेत. नाकातोंडावर साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवा. मुलांना त्या दिवशी आत्याकडे पाठवावे. आणि ते तुकडे अंगणात फरशीखाली भराव म्हणून टाकण्याचा मोह आवरावा. आपल्याकडे तो फार असतो.

नवा पत्रा लोखंडी घालणार असाल, तर खालच्या आडव्या अँगलमधले अंतर ठरवण्यापूर्वीच फॅब्रिकेटरला 'वर सोलर येणार आहे' हे सांगा. पत्रा चढल्यावर सांगितले तर तो मान डोलावतो, पण अँगल काही वाढवत नाही. सांगाड्याचे स्क्रू खालच्या अँगलमध्येच घट्ट बसले पाहिजेत. नुसत्या पत्र्यात बसवलेला स्क्रू वैशाखातल्या अंधडात सैल होतो. प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर हवा. नाहीतर ज्या गळतीसाठी एवढा खर्च केला, ती नव्या भोकांतून पुन्हा घरात येते.

स्लॅब घालत असाल तर काम आणखी सोपे. सांगाड्याचे पाय रोवण्यासाठी लहान ओटे आधीच बांधून घ्यावेत आणि वॉटरप्रूफिंग त्यांच्यावर चढवून करावे. आधी वॉटरप्रूफिंग, मग ड्रिलमशीन, असा उलटा क्रम घरोघरी पाहायला मिळतो. पैसे देणाऱ्यालाच त्याचे काही वाटत नाही, याचे नवल वाटते.

गच्चीचे आणखी एक दुखणे गृहिणीच जाणते. पापड, कुरडया, सांडगे वाळवायचे कुठे? एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. तीन किलोवॅट म्हटले की तीनशे फूट गेली. सांगाडा सात-आठ फूट उंच केला तर खाली वावरता येते, सावली मिळते, खालची खोलीही थोडी कमी तापते. मात्र उंच सांगाडा वारा जास्त धरतो, त्यामुळे लोखंड जाड लागते आणि खर्च वाढतो. पॅनेलचे तोंड दक्षिणेला हवे. भिलाईच्या अक्षांशावर सुमारे वीस अंशांचा उतार ठीक बसतो. शेजाऱ्याचा मजला, पाण्याची टाकी, दारातला आंबा यांची सावली कुठवर येते, ते हिवाळ्यातल्या उन्हात पाहून ठेवावे. सूर्य तेव्हा खाली असतो आणि सावल्या लांब पडतात.

पैशाचा हिशोब

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'प्रधानमंत्री सूर्य घर मोफत वीज योजना' सुरू केली. तिच्यात एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन वा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठेवलेली आहे. छत्तीसगड सरकारने २०२५ मध्ये आपली भर घातली: एका किलोवॅटला १५ हजार, दोन वा अधिकला ३० हजार. म्हणजे तीन किलोवॅटला एकूण १ लाख ८ हजार. संच १ लाख ८० हजारांना पडला असे धरले, तर पदरचे ७२ हजार लागतात. मात्र अनुदान संच सुरू झाल्यावर खात्यात येते. आधी सगळी रक्कम उभी करावी लागते किंवा बँकेचे कर्ज घ्यावे लागते. हे विक्रेता पहिल्या भेटीत सांगतोच असे नाही.

आता मिळकत. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटे देतो. तीन किलोवॅट महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. युनिटला पाच रुपये धरले आणि घरात तीनशे युनिटे लागत असली, तर महिना दीड हजार वाचतात आणि चार वर्षांत पैसे वसूल होतात. कागदावर!

कारण छत्तीसगडात 'हाफ बिजली बिल' योजनाही आहे. २०१९ पासून ४०० युनिटांपर्यंत अर्धे बिल माफ होत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ही मर्यादा १०० युनिटांवर आणली गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून २०० युनिटे केली गेली. ज्या घरात दोघेच वृद्ध राहतात, कूलर आणि फ्रीजवर भागते, १२० युनिटांच्या वर वापर जात नाही, त्यांचे बिल आधीच थोडके असते. वाचवायचे काय आणि किती? अशा घराने तीन किलोवॅट घेऊच नये, एक पुरतो. जादा वीज कंपनीला जाते खरी, पण उरलेल्या युनिटांचा भाव आपल्या घेण्याच्या दराइतका मिळत नाही. उलट ज्या घरात एसी आहे आणि सून घरूनच दिवसभर काम करते, त्या घराला तीन किलोवॅट शोभतात. निर्णय शेजाऱ्याच्या गच्चीकडे पाहून नव्हे, वर्षभराची बारा बिले टेबलावर पसरून घ्यायचा. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे विजेलाही लागू आहे. बिल अगदी शून्य होईल असेही समजू नये. स्थिर आकार राहतोच.

आणखी एक गैरसमज. "लाइट गेली तरी आपली चालू राहील ना?" नाही. साधा संच कंपनीच्या तारेला जोडलेला असतो. तारेत वीज नसली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, भर दुपारीसुद्धा. तसे न झाले तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. बॅटरीचा संच वेगळा आणि बराच महाग.

कागदपत्रांची अडचण तर अनेक मराठी घरांत हमखास येते. मीटर अजून दिवंगत वडिलांच्या नावावर! अर्जदाराचे नाव आणि वीजबिलावरचे नाव एकच असावे लागते. घर दोन भावांचे असेल तर गच्ची कुणाची, हा प्रश्नही तेव्हाच वर येतो. पुण्या-बंगळूरला असलेल्या भावाची लेखी संमती छप्पर उघडण्याआधी घ्यावी. पॅनेल चढल्यावर घेतलेल्या संमतीत कटुता येते.

करार करताना पॅनेल देशी सेलचे आहे ना, ते पाहा; त्याशिवाय केंद्राचे अनुदान मिळत नाही. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर बंधनकारक आहे, ती लेखी घ्या. धूळ मात्र घरच्यांनीच धुवायची. सकाळी उन्हाआधी, साध्या पाण्याने. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नये.

आणि यंदा पैसे पुरतच नसतील तर? मग फक्त छप्पर करा. पण गवंड्याकडून चार-सहा ओटे बांधून घ्या किंवा फॅब्रिकेटरकडून अँगल जवळ जवळ लावून घ्या. छपरापासून मीटरच्या पेटीपर्यंत एक रिकामा पाइप भिंतीतून सोडवा, वेगळ्या अर्थिंगसाठी जागा राखा. खर्च काही हजारांचा. पाइपच्या दोन्ही तोंडांना बूच मारायला मात्र विसरू नका, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी त्यातूनच खाली उतरेल.