गप्पीच्या शेपटीतील रंगबदल आणि रोगनिदान

गप्पी हा मासा महाराष्ट्रात दोन निरनिराळ्या वाटांनी परिचित झाला आहे. डासांच्या अळ्या खाणारा म्हणून विहिरींत, हौदांत आणि डबक्यांत सोडला जाणारा गप्पी हा एक; रंगीत, पंख्यासारख्या शेपटीमुळे काचेच्या टाकीत हौसेने पाळला जाणारा गप्पी हा दुसरा. जाती दोघांची एकच, पोइसिलिया रेटिक्युलाटा. विल्हेल्म पीटर्स याने १८५९ मध्ये व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. पुढे रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी याने त्रिनिदादहून ब्रिटिश म्यूझियमकडे पाठविलेल्या माशांना आल्बर्ट ग्युंथर याने १८६६ मध्ये त्याचे नाव दिले. शास्त्रीय नामावलीत ते नाव टिकले नाही. व्यवहारात मात्र तेच रूढ झाले.

विहिरीतील गप्पीच्या शेपटीकडे सहसा कोणी पाहत नाही. पाळलेल्या नराची शेपटी हीच मुळी पाहण्याची वस्तू असल्यामुळे तिच्या रंगात थोडा फरक पडला तरी तो ध्यानात येतो आणि पहिली शंका येते ती रोगाची. शंकेपाठोपाठ औषध येते. येथे चूक कोणत्याही बाजूने झाली तरी ती महाग पडते. निरोगी माशाच्या टाकीत मिथिलीन ब्ल्यूसारखे रंगद्रव्य किंवा एखादे प्रतिजैविक टाकले, तर माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जंतूही त्यात मरतात, अमोनिया साचतो, आणि मासा ज्या रोगाच्या भीतीने औषध दिले त्याऐवजी औषधाच्याच परिणामाने आजारी पडतो. उलटपक्षी, काही जंतुजन्य विकार असे आहेत की रंगातील बदल ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून दिला तर दोनतीन दिवसांत सगळी टाकी रिकामी होऊ शकते. म्हणून शेपटीचा रंग कशाने बनतो आणि कोणकोणत्या कारणांनी बदलतो हे प्रथम पाहिले पाहिजे.

माशाच्या त्वचेतील रंग हा विशिष्ट रंगपेशींत साठविलेला असतो. काळ्या रंगपेशींत मेलॅनिनचे सूक्ष्म कण असतात. पिवळ्या व नारिंगी पेशींत कॅरोटिनॉइडे आणि टेरिडीन गटातील द्रव्ये असतात. निळी, जांभळी व रुपेरी झळाळी मात्र कोणत्याही रंगद्रव्याची नसते; ग्वानीनच्या पातळ स्फटिकपट्ट्यांवरून प्रकाश परावर्तित होऊन ती उत्पन्न होते. यामुळेच दिव्याची जागा बदलली, पिवळ्या दिव्याऐवजी पांढरा दिवा लावला किंवा पाहणारा टाकीच्या दुसऱ्या बाजूस गेला, तरी निळ्या शेपटीचा नर हिरवट किंवा करडा दिसू शकतो. ‘रंग बदलला’ अशा तक्रारींतील काहींचे निराकरण एवढ्यावरच होते.

काळ्या पेशींतील कण पेशीभर पसरले की भाग गडद दिसतो. ते मध्यभागी गोळा झाले की तोच भाग फिकट होतो. ही क्रिया मज्जातंतू आणि संप्रेरके या दोहोंच्या नियंत्रणाखाली चालते. माशांतील रंगबदलाचे मज्जातंतूंशी असलेले नाते कार्ल फोन फ्रिश याने १९११ च्या सुमारास मिनो माशावरील प्रयोगांनी दाखविले होते. मधमाश्यांच्या अभ्यासामुळे तो पुढे इतका प्रसिद्ध झाला की त्याचे हे आरंभीचे काम बहुधा विसरले जाते. गप्पीचा नर रात्री अंधारात फिकट पडतो, जाळ्यात पकडला की फिकट पडतो, नव्या टाकीत सोडल्यावर काही तास, क्वचित एकदोन दिवस, निस्तेज राहतो. मादीपुढे प्रणयनृत्य करताना त्याचे काळे डाग गडद होतात. असे बदल काही मिनिटांत किंवा तासांत होतात व तितक्याच सहजतेने नाहीसे होतात. पहाटे दिवा लावताक्षणी माशाची पाहणी करणे या कारणास्तव निरर्थक आहे. निदान अर्धा तास तरी जाऊ द्यावा.

मंद गतीने होणारे बदल अधिक फसवे असतात. नुकतेच जन्मलेले पिल्लू अदमासे ७ मिलिमीटर लांबीचे व रंगहीन असते. नराचे रंग वयात येताना, म्हणजे साधारण दुसऱ्या महिन्यात, उमटू लागतात आणि निवडक पैदाशीच्या वाणांत ते पुढेही काही महिने पसरत व गडद होत राहतात. बाजारात बहुधा कोवळे नर विकले जात असल्याने विकत घेतल्यानंतर शेपटीवर नवा काळा किंवा तांबडा ठिपका उमटणे हे आश्चर्य नव्हे. योहानेस श्मिट याने १९२० मध्ये असा एक ठिपका बापाकडून केवळ मुलग्यांकडे जातो, म्हणजे त्याचा गुणकारक ‘वाय’ गुणसूत्रावर असतो, हे दाखविले. ओइविंद विंगे याने त्याच दिशेने विस्तृत काम केले. मूळ रानटी मादीत हे रंग प्रकट होत नाहीत. पाळीव वाणांतील माद्यांच्या शेपटीत ते कमीअधिक दिसतात. मादीच्या गुदपरापाशी दिसणारा व प्रसूतीपूर्वी गडद होत जाणारा काळसर डाग हा गर्भावस्थेचा आहे, रोगाचा नव्हे. वृद्धापकाळी नराचे रंग मंदावतात आणि मोठ्या शेपट्यांच्या कडा फाटतात, हेही नैसर्गिकच.

नारिंगी रंगाची गोष्ट मात्र वेगळी आहे व ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. कॅरोटिनॉइडे माशाला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत. ती अन्नातून, निसर्गात मुख्यतः शैवालातून, मिळवावी लागतात. त्याच ठिपक्यांतील ड्रोसोप्टेरिन हे दुसरे द्रव्य तो स्वतः बनवितो. म्हणून केवळ एकाच प्रकारच्या, जुन्या, उघड्या डब्यातील कोरड्या अन्नावर ठेवलेल्या माशाचा नारिंगी रंग आठवड्यांमागून आठवडे हळूहळू फिका होत जातो आणि अन्न सुधारल्यावर पुन्हा भरतो. परंतु नेमका हाच रंग आजारातही घटतो. अ‍ॅन ह्यूड आणि अ‍ॅलिसन टोरिओ यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जायरोडॅक्टिलस या परोपजीवीची बाधा झालेल्या नरांचे नारिंगी ठिपके फिके पडले आणि माद्यांच्या निवडीतही ते मागे पडले. अर्थात, मादी जे पाहते तेच मत्स्यपालकाने पाहावयाचे आहे. फरक इतकाच की मादीला कारण शोधण्याची गरज नसते. नारिंगी रंग फिका होण्यावरून ‘या माशाचे काही बिघडले आहे’ इतकेच म्हणता येते. काय बिघडले ते रंग सांगत नाही.

मग कारण कशावरून ठरवावे? सर्वांत उपयोगी कसोटी अशी की, रंगपेशींतील बदल हा शेपटीच्या मूळच्या नक्षीला धरून होतो; रोग नक्षी जुमानीत नाही. ठिपके गडद वा फिके झाले, पण त्यांच्या सीमा त्याच राहिल्या, पराची कड अखंड आहे, पृष्ठभाग गुळगुळीत आहे, तर तो बदल बहुधा प्रकाश, भीती, वय किंवा अन्न यांचा असतो. बदल कडेपासून आत सरकू लागला, नक्षी ओलांडून डाग पसरला, किंवा रंगाबरोबर पोतही बदलला, म्हणजे पृष्ठभाग धुरकट, केसाळ वा कणीदार झाला, तर रोगाचा संशय घेणे भाग आहे.

पांढरेपणाच्या बाबतीत सर्वाधिक घोटाळा होतो. मिठाच्या कणांसारखे, १ मिलिमीटरपर्यंतचे, सुटे व उठावदार ठिपके इक्थिऑफ्थिरियस या एकपेशीय परोपजीवीचे असतात. शेपटीची कड दुधी होऊन झिजू लागली, तर तो परकूज हा जंतुजन्य विकार होय. आणि करडट पांढरा, कापसासारखा थर झपाट्याने पसरत असेल, तर फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नॅरे या जंतूचा विचार प्रथम करावा. एच. एस. डेव्हिस याने १९२२ मध्ये अमेरिकेत वर्णिलेला हा रोग दिसण्यात बुरशीसारखा असल्याने अजूनही बुरशी समजून हाताळला जातो. हा भेद केवळ पुस्तकी नाही. इक्थिऑफ्थिरियसवर औषध लागू पडते ते तो माशाचे अंग सोडून पाण्यात पोहत असतानाच. म्हणून पाण्याचे तापमान थोडे वाढवून त्याचे जीवनचक्र लवकर पुरे करविणे आणि ठिपके दिसेनासे झाल्यावरही उपचार काही दिवस चालू ठेवणे हा सर्वमान्य उपाय आहे. तोच उपाय कॉलम्नॅरेच्या बाबतीत केला, तर उष्णतेने जंतूंची वाढ आणखी वेग घेते व मासे लवकर दगावतात. पांढऱ्या डागाचे नाव न ठरविता पाणी तापविणे यापरते मोठे साहस नाही.

सोनेरी झाक आली तर बहुतेकांस ती शोभाच वाटते. अंधारात विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून पाहावे. अंगावर व परांवर बारीक सोनेरी भुकटी शिंपडल्यासारखी दिसली आणि मासा दगडांवर अंग घासत असला, तर ते पिसिनूडिनियम या परोपजीवीचे लक्षण होय.

शेपटीत तांबड्या रेषा उमटणे किंवा कडांवर एकाएकी काळे डाग पडणे यामागे अनेकदा पाणीच असते. तांबड्या रेषा परातील रक्तवाहिन्या सुजल्याच्या असतात. काळा डाग पुष्कळदा दाह झालेला भाग भरून येत असल्याची खूण असते. अमोनियाचा विषारीपणा त्याच्या एकूण प्रमाणावर जितका, तितकाच सामूवर अवलंबून असतो. २५ अंश सेल्सिअस तापमानास सामू ७ असता एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्के भाग विषारी रूपात असतो. सामू ८ असता सुमारे ५ टक्के, आणि ९ असता ३६ टक्के. गप्पीला मानवणाऱ्या किंचित अल्कधर्मी पाण्यात हा धोका त्यामुळे आपोआप वाढतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन न काढता पाणी बदलल्यानेही असाच दाह होतो.

काही रोग रंगात जवळजवळ उमटतच नाहीत. वर उल्लेखिलेला जायरोडॅक्टिलस अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. शेपटी पंख्यासारखी न उघडता काडीसारखी मिटलेली राहते हे त्याचे अधिक बोलके लक्षण आहे. महिनोन्‌महिने निस्तेज होत जाऊन मासा खंगत असेल, पाठीचा कणा वाकत असेल, तर मायकोबॅक्टेरियमची शंका घ्यावी आणि हातावर जखम असताना त्या पाण्यात हात घालू नये; हा जंतू माणसाच्या त्वचेतही गाठी उत्पन्न करतो. असे मासे विहिरीत किंवा ओढ्यात सोडून देण्याची पद्धत तर सर्वथा त्याज्य आहे.

संशय आल्यास पहिल्या दिवशी औषधाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी पाण्यातील अमोनिया, नायट्राइट व सामू तपासावा, आणि क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने टाकीतील एकचतुर्थांश पाणी बदलावे. मासा खातो का, कल्ल्यांची हालचाल जलद आहे का, तो पृष्ठभागाशी अथवा कोपऱ्यात एकटा राहतो का, हे पाहावे. एकट्या माशात बदल असेल तर वय, जखम वा त्याची स्वतःची व्याधी. एकाच दिवशी अनेकांत दिसला तर पाणी. रोज ठराविक वेळी, त्याच दिव्याखाली छायाचित्र घेतल्यास डाग वाढतो आहे की नाही हे स्मरणापेक्षा खात्रीने कळते. डाग पसरत असेल तर मात्र विलंब न करता मासा वेगळ्या टाकीत काढून तेथेच उपचार करावेत. मुख्य टाकीतील उपयुक्त जंतू त्यामुळे वाचतात.

उपचार लागू पडल्यावर झिजलेली शेपटी पुन्हा वाढू लागते. हा नवा भाग आरंभी पारदर्शक असतो; रंगपेशी त्यात मागाहून येतात आणि जुनी नक्षी जशीच्या तशी परत येईलच असे नाही. या बिनरंगी कडेला रोगाचा अवशेष समजून अनेकजण औषध चालूच ठेवतात. कड नितळ असेल, दुधी नसेल आणि दिवसेंदिवस बाहेरच्या बाजूस वाढत असेल, तर औषध थांबवावे.