पोलादाच्या पोटांतील रेघा

जुन्या कोल्ट अथवा स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरची बाजूची झांकणपट्टी काढली, तर बाहेरून आरशासारखें झळकणारें पोलाद आंतून ओरखड्यांनीं भरलेलें दिसतें. पुष्कळांस हा कारागिराचा आळस वाटतो. पण त्यामागें हिशेब असतो.

पोलादी ठोकळ्यांत पोकळी कोरावयाची ती मिलिंग यंत्राच्या फिरत्या दातांनीं, आणि प्रत्येक दांत आपली रेघ मागें ठेवतो. घोडा व चाप जेथें परस्परांवर घासतात, तेथें कारागीर दगड फिरवून पृष्ठभाग गुळगुळीत करी. जेथें कांहींच घासत नाहीं, तेथें श्रम कशाला खर्चावे? दुसऱ्या महायुद्धांत एन्फील्ड रिव्हॉल्व्हरें घाईनें हवीं झालीं, तेव्हां बाहेरची झिलईही उणावली.

नळीच्या आंतील रेघा अधिक बोलक्या असतात. गोळीला गिरकी देण्यासाठीं तेथें पीळदार खोबणी असतात: वेब्लींत सात, उजव्या पिळाच्या, कोल्टमध्यें सहा, डाव्या पिळाच्या. शिवाय कापणाऱ्या हत्याराची धार झिजत जात असल्यामुळें प्रत्येक नळींत निराळे सूक्ष्म ओरखडे उमटतात आणि गोळीवर त्यांचा ठसा उठतो. १९२५ च्या सुमारास अमेरिकेंत गॉडर्ड प्रभृतींनीं जोड-सूक्ष्मदर्शकाखालीं दोन गोळ्या शेजारीं ठेवून हे ठसे ताडण्याची पद्धत रूढ केली. या रेघांवर एखाद्याचा जीव वांचूं वा जाऊं शकतो.

इतिहासही अशा खुणांवर अवलंबून असतो. १७ डिसेंबर १९२८ रोजीं लाहोरांत साँडर्सचा वध झाला. त्यांत भगतसिंगांसमवेत आपल्या खेडचे राजगुरु होते. भगतसिंगांचें कोल्ट पिस्तूल इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयांत रंगाखालीं दडलें होतें. २०१६-१७ च्या सुमारास रंग खरवडतांच १६८८९६ हा क्रमांक दिसला व ओळख पटली.

धसई ज्या मुरबाड तालुक्यांत आहे, तेथील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनीं हुतात्मे झाले. अशा मुलखांतील एखाद्या वाड्यांत वडिलांच्या पश्चात् परवान्याचें जुनें शस्त्र निघालें, तर तें लोहाराकडे देऊन घासून घेऊं नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वयें त्यावरील नांव वा क्रमांक पुसणें हा गुन्हा आहे. वारसांनीं तें विनाविलंब पोलीस ठाण्यांत अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें, आणि तेंही जसें सांपडलें तसेंच.