मोठ्या फाइली आणि ओव्हरफ्लो: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेनड्राइव्हवर भरपूर जागा मोकळी असते, तरी पाच जीबीचा व्हिडिओ काही केल्या कॉपी होत नाही. हा अनुभव पुष्कळांना आलेला असतो. पेनड्राइव्हवर फाइली ठेवायची फॅट ३२ ही पद्धत असेल, तर तिच्यात फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदला जातो आणि त्यात ४,२९,४९,६७,२९५ बाइटांच्या पुढचा आकडा मावत नाही, म्हणून हा नकार मिळतो. इथे मर्यादा ठाऊक आहे आणि यंत्रणा ती स्पष्ट सांगते, त्यामुळे याला बग म्हणता येत नाही. आकडा मावत नसतानाही, म्हणजेच ओव्हरफ्लो होऊनही, प्रोग्राम काम पुढे रेटतो, तेव्हा खरा बग सुरू होतो. त्याच्या दुरुस्तीबद्दल मुरलेल्या प्रोग्रामरांच्याही डोक्यात काही चुकीच्या समजुती घट्ट बसलेल्या दिसतात.

पहिली समजूत अशी, की ओव्हरफ्लो झाला तर प्रोग्राम कोसळेल आणि लगेच कळेल. प्रत्यक्षात तीन जीबीच्या फाइलचा आकार ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात ठेवला, तर तो सहसा उणे १,०७,३७,४१,८२४ असा वाचला जातो. हे एक वेळ परवडलं, कारण उणे आकार पाहून कोणीतरी दचकेल. पाच जीबीची फाइल बिनचिन्हाच्या ३२ बिटांत ठेवली, तर ती बरोबर एक जीबीची दिसते. बॅकअप घेणारा प्रोग्राम तेवढा एक जीबी इमानेइतबारे कॉपी करतो, ‘काम पूर्ण’ म्हणतो, आणि उरलेले चार जीबी गेल्याचं फाइल परत मिळवायची वेळ येते तेव्हा कळतं.

‘आता सगळी मशीन ६४ बिटांची आहेत, हा जुना प्रश्न झाला’ हेही वरचेवर ऐकू येतं. पण सी भाषेतला इंट आजच्या ६४-बिट मशीनवरही बहुधा ३२ बिटांचाच असतो. लाँग तर आणखी फसवा: ६४-बिट लिनक्सवर तो ६४ बिटांचा, ६४-बिट विंडोजवर मात्र ३२ बिटांचाच. फाइलमधली जागा सांगणारं एफटेल हे फंक्शन लाँगमध्येच उत्तर देतं. त्यामुळे लिनक्सवर वर्षानुवर्षं नीट चाललेला कोड विंडोजवर दोन जीबी ओलांडताच अडखळतो. फाइलमधल्या जागेसाठी मुद्दाम केलेले ६४-बिट प्रकार आणि फंक्शनं वापरणं हाच त्यावरचा उपाय आहे.

मग पुष्कळजण फक्त एक व्हेरिएबल ६४ बिटांचं करून मोकळे होतात. समजा, चित्राची रुंदी ५०,००० आणि उंचीही ५०,००० पिक्सेल आहे आणि दोन्ही आकडे इंट आहेत. गुणाकार २५० कोटी व्हायला हवा, पण इंटची धाव २,१४,७४,८३,६४७ वर संपते. उत्तर ठेवायची जागा ६४ बिटांची केली, तरी गुणाकार आधी ३२ बिटांतच होतो आणि बिघडलेलं उत्तर त्या प्रशस्त जागेत जाऊन बसतं. गुणाकाराआधीच एक आकडा रुंद करावा लागतो. शिवाय फाइल फॉरमॅटलाही स्वतःच्या मर्यादा असतात. मूळ झिप फॉरमॅटमध्ये आकाराचे रकाने ३२ बिटांचे होते, म्हणून झिप ६४ आणावं लागलं. वॅव ऑडिओचीही तीच गत. तुमचा कोड कितीही सुधारला, तरी त्या रकान्यात मोठा आकडा मावणार नाही.

‘बेरीज करा आणि उत्तर उणे आलं का बघा’ हा सल्ला तर धोकादायक आहे. सी भाषेत चिन्हासहित पूर्णांकाचा ओव्हरफ्लो झाल्यावर काय व्हावं, याची काहीच हमी नाही. कंपायलर तो होणारच नाही असं धरून चालतो आणि तुमची तपासणी निरुपयोगी समजून काढून टाकू शकतो. तपासणी बेरजेच्या आधीच व्हायला हवी: कमाल मर्यादेतून एक आकडा वजा करा आणि दुसरा त्यात बसतो का पाहा. सी २३ मध्ये यासाठी तयार सोयही आली आहे.

पण वजाबाकीची ही तपासणीसुद्धा आंधळेपणाने वापरून चालत नाही, हे २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या स्टेजफ्राइट या मीडिया लायब्ररीतल्या त्रुटींच्या प्रकरणाने दाखवून दिलं. मोठ्या फाइली हाताळणाऱ्यांनीच ओव्हरफ्लोची काळजी करावी, हा गैरसमजही तिथेच मोडला. एमपी४ फाइल छोटीशीच असे, पण तिच्या आत एका तुकड्याचा आकार अवाढव्य लिहिलेला असे. दोन आकारांची बेरीज ओव्हरफ्लो होई, मेमरी थोडीच घेतली जाई आणि डेटा तिच्या पलीकडे लिहिला जाई. गूगलने दुरुस्ती केली, तीही वर सांगितलेल्या वजाबाकीच्या पद्धतीने. तरी ती फोल ठरली. तुकड्याचा आकार ६४ बिटांचा होता, पण ३२-बिट फोनवर मर्यादा ३२ बिटांची होती. आकार मर्यादेहून मोठा दिला की वजाबाकीच शून्याखाली जाऊन प्रचंड आकडा बने आणि तपासणी खुशाल पार पडे. तो आकार मुळात मर्यादेत आहे का, हे आधी विचारायला हवं होतं. एक्सोडस इंटेलिजन्स या सुरक्षा कंपनीने ही फट दाखवली आणि दुसरी दुरुस्ती करावी लागली. मला हे उदाहरण सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण ती तपासणी वाचताना निर्दोषच वाटते.

राहिली चाचणी. ‘एवढ्या मोठ्या फाइली आणायच्या कुठून?’ म्हणून ती टाळली जाते. लिनक्सवर ट्रंकेट या कमांडने पाच जीबीची विरळ फाइल क्षणात बनते आणि डिस्कवर जवळपास काहीच जागा घेत नाही. मात्र अशा फाइलमध्ये सगळीकडे शून्यंच असल्याने प्रोग्रामने चुकीच्या जागेवरून वाचलं तरी फरक कळत नाही. म्हणून साडेचार जीबीच्या जागी ठरावीक बाइट लिहा, अर्ध्या जीबीच्या जागी वेगळेच लिहा, आणि साडेचार जीबीवर वाचायला सांगून हाती कुठले येतात ते बघा. हीच तपासणी २ आणि ४ जीबीच्या सीमांना एक बाइट अलीकडे आणि एक पलीकडेही करावी.