तंबूंतला मुक्काम आणि पाणथळीचा शेजार

'सफारी' हा शब्द आतां सुशिक्षित घरांत सर्रास ऐकूं येतो. परंतु तो अगदींच परका नाहीं, हें थोड्यांच्याच ध्यानांत येतें. अरबी 'सफर' पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषेंत शिरून 'सफारी' झाला, आणि तोच शब्द फारसीच्या वाटेनें मराठींत येऊन 'सफर' म्हणून कायमचा राहिला. समुद्रावरून केवळ शब्दच आले असेंहि नव्हे. मुरूडसमोरच्या जंजिऱ्यावर ज्यांनीं शतकानुशतकें सत्ता चालविली ते सिद्दी मूळचे आफ्रिकेचे. आणि मुरूड व रोहें या तालुक्यांत पसरलेलें फणसाडचें जंगल हें त्या जंजिऱ्याच्या नबाबांचें शिकारीचें रान होतें. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, आणि १९८६ सालीं या रानास अभयारण्याचा दर्जा मिळाला. विस्तार सुमारें ५४ चौरस किलोमीटर. वनखात्यानें सुपेगांवापाशीं प्रवाशांच्या मुक्कामासाठीं साधे तंबूहि उभारले. आफ्रिकेंतील तंबूंच्या वैभवापुढें ते अगदींच गरीब. तथापि रानांत राहावयाचें तर तंबूंतच कां, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

बोत्स्वाना देशांतील ओकावांगो नदीच्या पाणथळींत या प्रकारच्या निवासाची पराकाष्ठा झालेली आहे. लहान विमानानें धुळीच्या धांवपट्टीवर उतरावयाचें, तेथून उघड्या मोटारींतून किंवा होडक्यांतून मुक्कामावर जावयाचें. लांकडी खांबांवर उचललेला फळ्यांचा ओटा, त्यावर जाड कापडाचा प्रशस्त तंबू, आंत पलंग, लिहिण्याचें मेज, ऊन पाण्याचें स्नानगृह, आणि समोर लव्हाळ्यांत पसरलेलें संथ पाणी. एका रात्रीचें मोल इतकें कीं त्यांत आपल्याकडील मध्यम स्थितीच्या कुटुंबाचा दोन-तीन महिन्यांचा प्रपंच सुखानें चालावा. ही महागाई कांहीं अंशीं त्या सरकारच्या धोरणाचाच भाग आहे: पाहुणे थोडे घ्यावयाचे, पण त्यांजकडून द्रव्य पुष्कळ घ्यावयाचें, म्हणजे रान तुडविलें जात नाहीं. हा विचार वरकरणीं शहाणपणाचा दिसला तरी त्यांत श्रीमंतांखेरीज कोणाची सोय पाहिलेली नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे.

तंबू निवडण्याचें कारण मात्र केवळ हौस नव्हे. पक्का पाया घातलेली इमारत एकदां झाली कीं ती हलत नाहीं. तिच्याभोंवतीं रस्ते, कुंपणें आणि गटारें येतात. खांबांवरील तंबूच्या खालून पुराचें पाणी वाहूं शकतें, आणि उद्यां मुक्काम हलविला तर चार पावसाळ्यांत त्या जागेची ओळखहि राहत नाहीं. शिवाय कापडाच्या भिंतींतून ध्वनि अडत नाहीं. रात्रीं पाणघोडा चरावयास बाहेर पडला, हत्तीनें फांदी मोडली, दूर सिंह गर्जला, हें सारें अंथरुणांतच ऐकूं येतें. आणि अंधार पडल्यावर सोबत्यावांचून ओट्याखालीं पाऊल टाकूं नये असा तेथें सक्त नियम असतो. प्रवासी खरोखर पैसे मोजतो ते या पातळ पडद्याचे.

आतां ती पाणथळ कशी होते तें पाहूं. ओकावांगो ही समुद्रास न मिळणारी नदी. अंगोलाच्या डोंगराळ प्रदेशांत आपल्या हिंवाळ्याच्या दिवसांत पाऊस पडतो. तें पाणी उताराच्या अभावीं इतकें सावकाश पसरतें कीं कालाहारीच्या वाळवंटांतील त्रिभुज प्रदेशाच्या खालच्या टोकास पोंचावयास त्यास कित्येक महिने लागतात. परिणाम असा कीं तेथें भर कोरड्या ऋतूंत, जून ते ऑगस्टच्या सुमारास, महापूर येतो. सभोंवतीं सर्व करपलेलें असतां एवढाच भाग हिरवा राहतो, आणि सर्व प्राणी तेथें गोळा होतात. १९६३ सालीं तेथील बटावाना लोकांनीं आपण होऊन आपल्या भूमीचा एक भाग शिकारीपासून राखून ठेवला. तेंच मोरेमी अभयारण्य. २०१४ सालीं ओकावांगोचें नांव जागतिक वारशाच्या यादींत गेलें, आणि त्या यादींतील तें हजारावें स्थान ठरलें.

याहून नवलाची गोष्ट मिठाची आहे. नदी आपल्याबरोबर क्षार आणते. बहुतेक सर्व पाणी उन्हानें व झाडांच्या पानांवाटे उडून जातें, मग क्षार कोठें जातात? सर्व प्रदेशाचें खाजण कां होत नाहीं? उत्तर तेथील बेटांत आहे. पुष्कळशीं बेटें वाळवीच्या वारुळापासून सुरू होतात. बेटाच्या कडेचे वृक्ष मुळांनीं पाणी ओढून घेतात आणि क्षार जमिनींत मागें ठेवतात. ते हळूहळू बेटाच्या मध्याकडे साचत जातात. म्हणून मोठ्या बेटाचा मध्यभाग पांढरा, उजाड असतो, आणि भोंवतालचें पाणी गोडें राहतें.

आफ्रिकेंत जें काम वृक्ष करतात तें पेण तालुक्याच्या खारेपाटांत माणसांनीं केलें. धरमतरच्या खाडीकांठीं भरतीचें पाणी जेथवर चढे तेथवर चिखल आणि तिवरांचें रान. त्यास मातीचा बांध घालावयाचा आणि बांधांत उघाडी ठेवावयाची. उघाडीचें दार असें बसवितात कीं भरतीच्या रेट्यानें तें आपोआप मिटतें, व ओहोटी लागली कीं आंतील पावसाच्या पाण्याच्या दाबानें उघडतें. पेणकडे वर्षास सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस. दोन-चार पावसाळ्यांत तो मातींतील मीठ धुऊन नेतो आणि मग भात पिकूं लागतो. बांध घालण्यासाठीं द्रव्य व श्रम लावणाऱ्यास जमिनीचे हक्क देण्याची शिलोत्री पद्धत येथें पूर्वीं चालत असे, आणि १९४८ सालीं मुंबई सरकारनें खारजमिनींसाठीं स्वतंत्र कायदाच केला.

पण बांध ही रोज राखण्याची वस्तु आहे. खेंकड्याच्या बिळाएवढें छिद्रहि उधाणाच्या भरतीस पुरतें. पूर्वीं खांड पडली कीं सारा गांव टोपल्या-फावडीं घेऊन धांवे. पुढें काम सरकारचें झालें, आणि गांवाचे हात सुटले. शेतांत एकदां खारें पाणी शिरून राहिलें म्हणजे तेथें तिवर उगवतात. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं तिवरांच्या तोडीस मनाई केली, व २०१८ सालीं ती पक्की केली. मनाई योग्यच आहे, कारण माशांचीं पिलें तिवरांच्या मुळांत वाढतात आणि वादळाचा पहिला मार तीच झाडें खातात. परंतु ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेती आहे आणि डोळ्यांसमोर कांदळवन, त्या शेतकऱ्यास हा न्याय कसा वाटत असेल? खांड वेळेवर बुजविली असती तर वृक्ष आणि शेत यांच्यांत भांडणच लागलें नसतें. पाणथळीचें कौतुक करावयास शहरांतून येणाऱ्यांनीं ही बाजू ऐकून घ्यावी.

फणसाडकडे पुन्हा वळावयाचें तर तेथेंहि सर्व खेळ पाण्याचाच आहे. पाऊस अफाट, पण जांभ्या दगडाचा सडा तें धरून ठेवीत नाहीं. माघ-फाल्गुन उलटला कीं ओढे आटतात. मग उरतात त्या पाण्याच्या जागा. त्यांस तिकडे 'गाण' म्हणतात, जसें चिखलगाण, फणसाडगाण. ओकावांगोचा महापूर जें विस्तीर्ण प्रमाणावर करतो तें येथें लहानशी गाण करते: उन्हाळ्यांत सर्वांना एका ठिकाणीं आणते. येथें हत्ती-सिंह नाहींत. बिबट्या आहे, तो सहसा दिसत नाहीं. भेंकर, रानडुक्कर, वानर आणि झाडाच्या शेंड्यावरून उड्या घेणारें तांबूस शेकरूं आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें तेव्हां या भागांतील असंख्य वृक्ष उन्मळून पडले. ज्याचा सारा संसार शेंड्यावर, त्या शेकरूंवर तेव्हां काय प्रसंग गुदरला असेल याची कल्पना करावी.

येथें येणाऱ्यानें सोय थोडी मागावी. डांसांसाठीं मच्छरदाणी, हातांत विजेरी, अंगांत मळखाऊ रंगाचे कपडे, आणि तोंड बंद; एवढें पुरे. वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीं वनखात्याची माणसें पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राण्यांची मोजदाद करतात. चांदणें पाण्यावर स्वच्छ पडलेलें असतें, त्यामुळें दिव्याची गरज लागत नाहीं. पहिला प्रहर बहुधा रिकामा जातो, बेडूक तेवढे बोलतात. मग कोठेंतरी वाळलेलें पान मोडतें, आणि मचाणावरचा माणूस श्वास आंवरून पेन्सिल उचलतो.