घरगुती अंकीय चित्रमुद्रक : रचना आणि परावलंबन

दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम प्रक्षेपणाच्या घटकेला न पाहता तो नोंदवून ठेवावा व पुढे सवडीने पाहावा, ही सोय सर्वसामान्य घरांत प्रथम व्हिडिओ कॅसेट यंत्राने आणली. अमेरिकेतील चित्रपटनिर्मात्या कंपन्यांनी या सोयीस हरकत घेतली होती; परंतु सोनी विरुद्ध युनिव्हर्सल या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी, पाचास चार अशा निसटत्या बहुमताने, घरी नंतर पाहण्यासाठी केलेले मुद्रण हा वाजवी उपयोग होय असा निर्णय दिला. पुढे १९९९ साली टिव्हो व रिप्लेटीव्ही ही यंत्रे बाजारात आली आणि फितीची जागा हार्ड डिस्कने घेतली. हेच कार्य घरातील संगणकाकडून करवून घेता येईल, हे लवकरच सिद्ध झाले. जर्मनीत क्लाउस श्मिडिंगर यांनी २००० साली व्हीडीआर हे सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिले. अमेरिकेत आयझॅक रिचर्ड्स यांनी २००२ साली मिथटीव्ही लिहिण्यास प्रारंभ केला. दोन्ही लिनक्सवर चालणारी व मुक्त परवान्याची. अशा यंत्राच्या घडणीत कोणत्या अडचणी घरच्या घरी सुटतात व कोणत्या सुटत नाहीत, याचा विचार येथे मुख्यतः अमेरिकेतील मिथटीव्हीच्या अनुषंगाने केला आहे.

पहिली अडचण आकारमानाची. अमेरिकेतील जुन्या पद्धतीचे चित्र अंकांत उतरविताना त्याच्या एका चौकटीत ७२० गुणिले ४८० बिंदू धरले जातात. प्रत्येक बिंदूस दोन बाइट व सेकंदास सुमारे तीस चौकटी हा हिशेब धरला, तर सेकंदाला २ कोटी ७ लक्ष बाइट, म्हणजेच तासाला जवळजवळ ७५ गिगाबाइट एवढा साठा होतो. २००२ च्या सुमारास सामान्य संगणकात जी हार्ड डिस्क असे, ती एका तासाच्या कार्यक्रमानेच भरून गेली असती. म्हणून चित्र आकुंचित केल्यावाचून गत्यंतर नाही. एमपीईजी-२ या पद्धतीने सेकंदास ५० लक्ष बिट एवढ्यावर ते आणले, तर तासाला सव्वादोन गिगाबाइट पुरतात आणि चित्रही पाहण्याजोगे राहते.

हे आकुंचन कोणी करावयाचे, हा यानंतरचा प्रश्न. स्वस्त ट्यूनर कार्डे केवळ कच्चे चित्र संगणकाच्या हवाली करीत. आकुंचनाचा सर्व भार मुख्य प्रोसेसरवर पडे, आणि त्याच वेळी दुसरे काही काम निघाले की चौकटी गळत. याउलट हॉपॉग कंपनीच्या पीव्हीआर-२५० सारख्या कार्डावर आकुंचनासाठी स्वतंत्र चिप असे. असे कार्ड बसविले की संगणकाला तयार प्रवाह डिस्कवर उतरवून घेण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नसे. जुना, मंद संगणकही मग चालत असे. त्या काळातील बहुतेक घरगुती यंत्रे नेटकी चालली याचे मोठे श्रेय प्रोसेसरपेक्षा या चिपला दिले पाहिजे.

एमपीईजी-२ च्या अंतर्गत रचनेचा एक परिणाम वापरणाऱ्यास नित्य जाणवतो. या पद्धतीत प्रत्येक चौकट पूर्ण साठविली जात नाही. साधारणतः बारा ते पंधरा चौकटींमागे एक स्वयंपूर्ण असते. मधल्या चौकटींत शेजारच्या चौकटींहून जो फरक असेल तेवढाच नोंदलेला असतो. सबब, वेगाने मागेपुढे जाताना यंत्र एका स्वयंपूर्ण चौकटीवरून दुसरीवर उडी घेते, आणि पुन्हा आकुंचन न करता मुद्रण कापावयाचे झाल्यास ते अशाच चौकटीवर कापावे लागते. जाहिरात वगळताना अर्धा सेकंद इकडेतिकडे होतो, तो यामुळेच. जाहिराती ओळखण्याचे काम मिथटीव्ही काळ्या चौकटी, दृश्यातील आकस्मिक बदल व कोपऱ्यातील वाहिनीचे बोधचिन्ह यांवरून करते. हा अदमास आहे, आणि तो कधीकधी फसतो.

चालू कार्यक्रम थांबविण्याची किमया वस्तुतः साधी आहे. प्रवाह अखंड डिस्कवर उतरत असतो आणि प्रेक्षक त्याच फाइलमधील काही मिनिटांपूर्वीचा भाग वाचीत असतो. सेकंदास सहासात लक्ष बाइट लिहिणे हे कोणत्याही हार्ड डिस्कला जड नाही. खरी अडचण अगदी अनपेक्षित ठिकाणी आढळली, ती म्हणजे पुसण्यात. लिनक्सच्या ईएक्सटी-३ या फाइलव्यवस्थेत अनेक गिगाबाइटची फाइल एकदम काढून टाकली की डिस्क काही काळ त्यातच गुंतून राही, आणि तेवढ्यात चालू असलेल्या दुसऱ्या मुद्रणात खंड पडे. मिथटीव्हीत त्यावर असा उपाय योजण्यात आला की मोठी फाइल शेवटाकडून थोडीथोडी छाटत न्यावी व अखेरीस नाहीशी करावी. पुस्तकी आराखड्यात अशी गोष्ट सहसा दिसत नाही. ती यंत्र घरात महिनाभर चालविल्यावरच कळते.

हवेतून येणारे प्रक्षेपण अंकीय झाल्यावर मुद्रणाचे स्वरूपच पालटले. अमेरिकेतील पूर्ण शक्तीच्या केंद्रांनी जुने प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी थांबविले. नव्या पद्धतीत सहा मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यातून सेकंदास १९.३९ मेगाबिट एवढा प्रवाह येतो, आणि त्यातील चित्र प्रक्षेपककेंद्रातच एमपीईजी-२ मध्ये आकुंचित झालेले असते. ट्यूनरने १८८ बाइटांच्या पुडक्यांतून हव्या त्या कार्यक्रमाची पुडकी क्रमांकावरून निवडावी व जशीच्या तशी डिस्कवर ठेवावी, की मुद्रण झाले. संपूर्ण प्रवाह ठेवला तरी तासाला पावणेनऊ गिगाबाइटच लागतात. आकुंचनाच्या चिपचे प्रयोजन संपले. साठविलेली प्रत ही मूळ प्रक्षेपणाची प्रतिकृती न राहता तेच प्रक्षेपण झाली. आणि ही गोष्ट, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, सर्वांनाच रुचली नाही.

येथवरच्या अडचणी पेटीच्या आतल्या होत्या. वेळापत्रकाची अडचण बाहेरची. कोणत्या वाहिनीवर कोणता कार्यक्रम केव्हा लागणार हे ठाऊक नसेल, तर अंकीय चित्रमुद्रक हे जुन्या कॅसेट यंत्राहून विशेष निराळे यंत्र उरत नाही. अमुक मालिकेचे सर्व नवे भाग नोंदवावेत. एकाच वेळी दोन कार्यक्रम आले व ट्यूनर एकच असला तर ज्याचे पुनःप्रक्षेपण आहे तो नंतर घ्यावा. पूर्वी नोंदलेला भाग पुन्हा घेऊ नये. ही सर्व समज वेळापत्रकावर आधारलेली आहे. अंकीय प्रक्षेपणासोबत वेळापत्रक येते खरे, पण अमेरिकन मानकानुसार ते बारा तासांपुरते देणेच बंधनकारक होते. तेवढ्यावर आठवड्याचे नियोजन होत नाही.

प्रारंभी एक्सएमएलटीव्ही या साधनाच्या साहाय्याने संकेतस्थळांवरील कार्यक्रमपत्रिका वाचून घेतल्या जात. पानाची मांडणी बदलली की ते वाचन कोलमडे. पुढे ट्रिब्यून मीडिया सर्व्हिसेसच्या झॅपटूइट लॅब्सने ही माहिती व्यवस्थित स्वरूपात विनामूल्य दिली आणि अमेरिकेतील मिथटीव्हीची बहुतेक यंत्रे तिच्यावर विसंबून राहिली. २००७ च्या उन्हाळ्यात ही सेवा १ सप्टेंबरपासून बंद होणार असल्याचे घोषित झाले. हजारो घरांतील कार्ड, डिस्क व सॉफ्टवेअर यांत तिळमात्र बिघाड नसताना ती यंत्रे निरुपयोगी होण्याचा प्रसंग आला. तेव्हा अशा सॉफ्टवेअरशी संबंधित मंडळींनी स्केड्यूल्स डायरेक्ट ही ना-नफा संस्था उभारली. ती तीच माहिती विकत घेते व सभासदांकडून वर्गणी घेऊन त्यांना पुरविते. टिव्होची मासिक वर्गणी टाळण्यासाठी ज्यांनी यंत्र बांधले, त्यांनाही अखेर वर्गणी द्यावी लागली, मग ती कितीही अल्प असो.

वेळापत्रक निदान विकत तरी मिळाले. संकेतबद्ध प्रवाहाची किल्ली तशी मिळत नाही. २००३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या संघराज्य दळणवळण आयोगाने असा नियम केला की प्रक्षेपणात एक विशिष्ट खूण आढळल्यास कार्यक्रमाच्या निर्बंध प्रती होऊ न देणारीच यंत्रे १ जुलै २००५ नंतर बनविता यावीत. ज्याचे सॉफ्टवेअर वापरणाराच बदलू शकतो असे यंत्र या नियमात बसणे शक्यच नव्हते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने त्या मुदतीपूर्वी कार्डे घेऊन यंत्रे बांधून ठेवण्याचे आवाहन केले होते. परंतु ६ मे २००५ रोजी वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने, ग्रंथालय संघटनेने व इतरांनी दाखल केलेल्या प्रकरणात, हा नियम आयोगाच्या अधिकाराबाहेरचा ठरविला. म्हणजे प्रत घेणे योग्य की अयोग्य यावर येथे निकाल झालाच नाही. प्रक्षेपण पोहोचल्यानंतर ग्राहकाच्या यंत्रात काय घडावे, हे ठरविण्याची सत्ता काँग्रेसने आयोगास दिलेली नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले.

केबलच्या बाबतीत असा दिलासा मिळाला नाही. तेथील प्रवाह उलगडण्यासाठी केबलकार्ड नावाचे कार्ड होते आणि सिलिकॉनडस्टच्या २०११ मधील यंत्रासारख्या साधनांमुळे ते घरगुती संगणकासही जोडता येई. पण मिथटीव्हीस त्यातून केवळ ‘मुक्त प्रत’ अशी खूण असलेल्या वाहिन्या मिळत. ‘एकच प्रत’ ही खूण असलेल्या वाहिन्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे मीडिया सेंटर वापरावे लागे, आणि ते २०१५ च्या विंडोज १० मधून वगळण्यात आले. केबल कंपन्यांनी अशी कार्डे पुरविलीच पाहिजेत हा नियम आयोगाने २०२० साली मागे घेतला.

राहता राहिली छपरावरची अँटेना. जुन्या अंकीय पद्धतीत तिच्यावाटे येणारा प्रवाह कोणत्याही किल्लीवाचून डिस्कवर उतरतो. एटीएससी ३.० या नव्या मानकात मात्र केंद्राला प्रवाह संकेतबद्ध करण्याची मुभा आहे, आणि २०२३ पर्यंत अमेरिकेतील अनेक केंद्रांनी तिचा उपयोग करण्यास प्रारंभ केला होता. अशा केंद्राचा प्रवाह ट्यूनर बिनचूक पकडतो, पुडकी क्रमवार वेगळी होतात, डिस्कवर उतरतात, आणि पडद्यावर काहीही दिसत नाही.