मटण मऊ हवं आणि धुराचा वासही हवा? आधी वेळ द्या, मग धूर

वाई : जत्रेतल्या चुलीवरच्या मटणाची चव घरच्या गॅसवर येत नाही, ही आपल्याकडची जुनीच तक्रार. त्यात आता मोबाइलवर परदेशी रील्सची भर पडली आहे. डुकराचा अख्खा खांदा तासन् तास धुरात ठेवतात आणि शेवटी काट्यानं नुसते धागे सोडवतात. ते पाहून रविवारी कुणी कुकरला भराभर शिट्ट्या देतं, तर कुणी अंगणातली शेगडी थेट स्वयंपाकघरात आणतं. पहिल्यात मटणाचा चोथा होतो. दुसऱ्यात जिवावर बेतू शकतं.

खांदाच का घ्यायचा?

चारपायी जनावराचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या पायांवर असतो. म्हणून खांद्याच्या मांसात पांढरे, चिवट पडदे जास्त असतात. हे पडदे म्हणजे कोलॅजन. ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ते हळूहळू विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. पायाचा रस्सा बोटांना चिकटतो तो यामुळेच.

गंमत अशी, की ६५-७० अंशांना मटण शिजलेलं असतं, पण त्याच वेळी ते आक्रसून कडकही झालेलं असतं. नेमकं तेव्हाच आपण घाबरून गॅस बंद करतो किंवा आच वाढवतो. करायचं उलट. आच बारीक ठेवायची आणि थांबायचं. आतलं तापमान ९० अंशांच्या आसपास बराच वेळ राहिलं, की पडदे सुटतात.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. इथं पाणी ९८ अंशांच्या थोडं अलीकडेच उकळतं. पसरणी घाट चढून पाचगणीला गेलात तर ९६ च्या आसपास. म्हणजे तेच पातेलं वर थोडा जास्त वेळ घेणार. तिथं कुकरला पर्याय नाही असं नाही, पण वेळेचं गणित सैल ठेवा.

घरी करायचं कसं?

एक किलोचा हाडासकट अख्खा फरा घ्या (फरा म्हणजे खांदा). बोकडाचा चालेल, खाणाऱ्यांसाठी डुकराचाही. डुकराच्या खांद्यात चरबी जास्त, त्यामुळे चूक झाली तरी तो सहसा कोरडा पडत नाही. आदल्या रात्री अडीच छोटे चमचे मीठ आणि हळद चोळून फ्रिजमध्ये ठेवा. मीठ रात्रभरात आत मुरतं, मसाला मात्र बहुतेक वरच राहतो, तेव्हा मसाल्यावर रात्र खर्च करू नका. कच्च्या पपईचाही मोह टाळलेला बरा. जास्त झाली तर वरचा थर पिठासारखा लागतो.

सकाळी मांस कोरडं पुसून जाड बुडाच्या पातेल्यात सगळ्या बाजूंनी तांबूस परता. कांदा, आलं-लसूण, अर्धी वाटी गरम पाणी घाला. झाकणाच्या कडेला कणीक लावा आणि अगदी बारीक आचेवर अडीच ते तीन तास ठेवा. कांदा-लसूण मसाला शेवटच्या अर्ध्या तासात घाला, आधी टाकला तर बुडाला लागून कडवट होतो. काटा खुपसून फिरवल्यावर तो सहज फिरला, तर झालं. घाई असेल तर कुकर, पण शिट्टीनंतर आच बारीक करून ४०-४५ मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या.

धूर शेवटी

धुरासाठी तीन तासांची गरज नाही. शिजलेलं मांस पंधरा-वीस मिनिटं निवू द्या. मध्ये स्टीलची वाटी ठेवून त्यात लालबुंद कोळसा, त्यावर चमचाभर तूप आणि दोन लवंगा टाका. लगेच झाकण. पाच-सात मिनिटं पुरेत, पुढे वास कडू होतो. इथला वास मुख्यतः जळणाऱ्या तुपाचा असतो. लाकडाचा खरा वास लाकडातल्या लिग्निनपासून येतो आणि कोळसा होताना तो भाग बहुतेक जळून गेलेला असतो. चुलीची आठवण हवी असेल तर अंगणातच बाभळीचं किंवा आंब्याचं सुकं लाकूड जाळा. रंग दिलेल्या फळ्या आणि प्लायवूड नको.

धुंगार देताना खिडकी उघडी असू द्या. पेटती शेगडी मात्र बंद खोलीत कधीच आणू नका, पाऊस कितीही असो. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं. अशा वेळी आधी बाहेर मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांकडे जा.

डुकराच्या मांसाबद्दल

कच्चं राहिलेलं मांस खाल्ल्यानं पोटात पट्टकृमी होऊ शकतो. मेंदूतल्या गाठींचं कारण मात्र थोडं वेगळं आहे. त्या कृमीची अंडी दूषित पाणी, न धुतलेली भाजी आणि अस्वच्छ हातांवाटे पोटात जातात. म्हणजे मांस न खाणाऱ्यालाही धोका आहेच. अखंड तुकड्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याची किमान मर्यादा ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं विश्रांती ही आहे. आपला फरा त्याच्या कितीतरी पुढे शिजलेला असतो.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याचे धागे सोडवून तव्यावर, त्याच्याच रश्शात, कडा कुरकुरीत होईपर्यंत परता. सोबत ज्वारीची भाकरी घ्या.